तट आणि आडोसा

‘वारे वाईट आहे’ हे वाक्य आमच्या वसईत एकेकाळी केळीच्या बागांविषयी बोलले जाई. आता ते मुलांविषयी बोलले जाते. रविवारची मिस्सा संपली, की चर्चच्या आवारात घोळक्याने उभी राहिलेली वडीलधारी मंडळी हाच विषय काढतात. मुलांच्या हातचा मोबाईल सुटत नाही, घरातली रोझरी मागे पडली, मुली विरारच्या लोकलने दूरवर नोकरीला जातात आणि आपापली लग्ने ठरवून येतात. बाहेरच्या संस्कृतीने आमची श्रद्धा आणि आमची घरे दोन्ही पोखरली, असा त्या बोलण्याचा सूर असतो. या मंडळींना जुनाट म्हणून हसण्याची माझी तयारी नाही. मीही ख्रिस्ती आहे, वसईचा आहे. आणि ज्याच्याजवळ राखण्यासारखे काही असते त्यालाच भीती वाटते, हे मला कळते. परंतु राखायचे ते नेमके काय आणि राखायचे ते कसे, हा प्रश्न त्या घोळक्यात सहसा कोणी विचारीत नाही. तो येथे विचारून पाहावा असे वाटते.

राखण्याच्या एका रीतीचे अवशेष आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी अजून उभे आहेत. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली, आणि पुढे दोनशे वर्षे त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे ती मुख्य ठाणे होती. भक्कम दगडी तट, आत चर्चे आणि मठ. पण श्रद्धेच्या रक्षणाला एवढा तट पुरेसा आहे असे त्या राज्याला वाटले नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. या न्यायासनाने १७३६ मध्ये एक फर्मान काढून गोव्यातल्या देशी ख्रिस्ती लोकांनी काय काय करू नये त्याची लांबलचक यादीच दिली. लग्नात देशी वाद्ये वाजवू नयेत, ओव्या गाऊ नयेत, पान-सुपारी आणि फुले वाटू नयेत, वधूवरांना हळद लावू नये, घराशी तुळस ठेवू नये. त्या काळची ‘घातक संस्कृती’ म्हणतात ती हीच! आणि गंमत अशी, की ज्या ओवीचे एवढे भय वाटले, त्याच ओवीत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले होते, आणि ते १६१६ मध्येच छापून निघाले होते. एकाने जिच्यातून श्रद्धा रुजवली, तिच्यातच दुसऱ्याला श्रद्धेचा घात दिसला.

फर्मान निघाल्यावर तीनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज राज्य येथून गेले. १८१२ मध्ये गोव्याचे ते न्यायासनही कायमचे उठले. वसईची श्रद्धा मात्र गेली नाही. ज्यांच्यामागे आता ना तोफ होती ना फर्मान, अशा शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून चालवली. आज आमच्या लग्नात मांडव पडतो, हळद लागते, बायका सामवेदीत आणि वाडवळीत गाणी म्हणतात. आणि त्यामुळे कोणाची श्रद्धा पातळ झाली असे कोणी म्हणत नाही. उलट तीच गाणी आता ‘आपली संस्कृती’ म्हणून राखण्याची खटपट चालते. वसईचाच सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया तर जपानात गेला, तेथली परकी भाषा शिकला, आणि १५९७ मध्ये नागासाकीला त्याच लोकांमध्ये क्रूसावर प्राण देता झाला. त्याच्या श्रद्धेला परकी हवा सोसली नाही असे म्हणता येईल काय?

यावरून कोणी म्हणेल, की मग घातक असे काही नसतेच. येईल ते येऊ द्यावे. हा निष्कर्ष सोपा आहे, आणि मला तो पटत नाही. धर्मसभेनेही तो काढलेला नाही. वाचू नयेत अशा ग्रंथांची जी यादी रोमने १५५९ मध्ये प्रथम काढली, ती चारशे वर्षांनी, १९६६ मध्ये, रद्द झाली हे खरे. पण त्याआधीच, ४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दोन दस्तऐवज जाहीर केले होते. पहिल्याने उपासनेत लोकांच्या मातृभाषांना दार उघडले; आमच्या वेदीवर लॅटिनच्या जागी मराठी आली ती या वाटेने. दुसरा वृत्तपत्रे, चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांविषयीचा. नीतीला बाधक असे काही घरात शिरू नये याबद्दल आईबापांनी डोळ्यांत तेल घालून जपावे, असे त्यात बजावले आहे. आणि तरुणांनी आपण होऊन संयम शिकावा, पाहिले-वाचले त्याविषयी जाणत्यांशी बोलावे, असेही सुचवले आहे. एक दार उघडायचे आणि दुसऱ्यावर पहारा ठेवायचा, ही दोन्ही कामे परिषदेला एकाच दिवशी करावीशी वाटली. मोबाईलवरचा जुगार किंवा अश्लील चित्रे बारा वर्षांच्या मुलाच्या उशाशी येऊन बसतात तेव्हा पहारा हवाच. त्याबद्दल दुमत असू नये.

प्रश्न उरतो तो ओळखण्याचा. हळद आणि जुगार यांत भेद कोणत्या खुणेने करावा? माझ्यापुरती खूण मी अशी धरली आहे: ज्या गोष्टीमुळे घरातली माणसे एकमेकांना परकी होतात ती घातक, मग ती बाहेरून आलेली असो वा वाडवडिलांपासून चालत आलेली. याच परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातले चर्च म्हटले. त्या चर्चची वेदी म्हणजे माणसांचे एकमेकांकडे असलेले लक्ष, असे मला वाटते.

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या एका गृहस्थांनी मला आपल्या मुलीची समजूत घालायला बोलावले. मुलगी बँकेत नोकरीला. बरोबर काम करणाऱ्या एका हिंदू तरुणाशी लग्न करते म्हणत होती. “त्या ऑफिसने आणि त्या मोबाईलने घात केला,” ते म्हणाले, “ऐकणार नसेल तर तिने या घरात पाऊल ठेवू नये.” त्यांची भीती खोटी नव्हती. उद्या नातवंडांना क्रूसाची खूण करायला कोण शिकवणार, हे बापाचे दुःख मी कसे खोटे म्हणू? मी मुलीशी बोललो. ती शांतपणे म्हणाली, “काका, मी चर्च सोडणार नाही, आणि त्याने सोडायला सांगितलेलेही नाही. मी स्वतः फादरांना भेटून विचारून आले. हे बाबांना सांगायला तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.”

धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यात अशा विवाहाला बिशपांच्या परवानगीने वाट आहे. कॅथलिक बाजूने आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी होईल ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते. म्हणजे बापाला जो प्रश्न जाळत होता, त्याचाच विचार करून मुलगी त्याच्यापुढे उभी होती, आणि बाप बातम्या ऐकत होता. असा विवाह सोपा असतो असे मी म्हणत नाही. दोन श्रद्धांचा संसार चालवायला मोठे मन लागते. पण त्या घरात श्रद्धेचा जो तंतू तुटू पाहत होता, तो त्या तरुणाने तोडला नव्हता. पुढे काय झाले ते त्या घराचे आहे. मी वडिलांना एवढेच म्हटले, की तिला घराबाहेर काढण्यापूर्वी एकदा तिचे पुरते ऐका.

हीच खूण लावून पाहिले, तर आमच्या ‘आतल्या’ अनेक गोष्टी पहाऱ्यातून सुटलेल्या दिसतात. लग्नातली दारू आम्हाला परकी वाटत नाही, म्हणून तिच्यावर कोणी प्रवचन मागत नाही. तिने उजाड केलेली घरे प्रत्येक गावात आहेत. सामवेदी, वाडवळ, कोळी असे भेद एकाच वेदीशी गुडघे टेकणाऱ्यांत सोयरीक ठरवताना जागे होतात, त्यांना आम्ही परंपरा म्हणतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले, आणि वाडी म्हणजे नुसती जमीन नव्हे, जगण्याची रीत आहे, हे लोकांच्या मनावर ठसले. तरी वाड्या विकल्या गेल्या. आणि विकलेल्या पैशाच्या वाटणीवरून सख्खे भाऊ शेजारच्या बाकावर बसेनासे झाले, तेव्हा कोणत्या परक्या संस्कृतीला दोष द्यावा?

वसईचा बागाईतदार वाऱ्यापासून केळ राखतो, तेव्हा तो तिच्याभोवती दगडी भिंत बांधत नाही. भिंतीआड ऊन नाही, हवा नाही, झाड पिवळे पडते. तो वाऱ्याच्या बाजूला आडोसा करतो, घड धरला की टेकू देतो, आणि रोज पाणी सोडतो. यांपैकी आडोशाचीच चर्चा आमच्याकडे फार होते. पाण्याचे काम मात्र रोजचे, कंटाळवाणे, आणि कोणाला न दिसणारे: संध्याकाळी दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसणे, मुलाने विचारलेल्या अवघड प्रश्नाला दटावण्याऐवजी उत्तर देणे, आणि उत्तर येत नसेल तर त्याच्याबरोबर शोधणे. ज्या घरात हे होते, तेथे मोबाईलला नियम घालता येतो आणि तो पाळलाही जातो. कारण नियम घालणाऱ्याचे आपल्याकडे लक्ष आहे, हे मुलाला ठाऊक असते. जेथे हे होत नाही, तेथे नुसता नियम फार दिवस टिकत नाही.