गोदी सोडली म्हणजे संमती दिली का?

लघुग्रहांच्या पट्ट्यात एक खाणजहाज थांबलंय. लेसरचे झोत खडकावर रोखलेले, खडक हळूहळू झिजतोय, खनिज कोठारात जमा होतंय. जहाजाचा मालक त्याच्या घरी चहाचं आधण ठेवायला उठलाय. तेवढ्यात पडद्यावर लहान लहान विनाशिकांची टोळी उगवते. ‘कॅटालिस्ट’ जातीच्या या विनाशिका स्वस्त आणि तकलादू, पण जवळून मारा करायला भयंकर. या भागात पोलिस आहेत आणि ते येणारच, हे टोळीला पक्कं ठाऊक असतं. त्यांना पोहोचायला किती सेकंद लागतात, याचा हिशोबही आधीच झालेला असतो: सर्वांत सुरक्षित भागात साधारण ६, सुरक्षिततेच्या काठावर साधारण १९. तेवढ्यात खाणजहाज फुटतं. पोलिस येतात, हल्लेखोरांची सगळी जहाजं उडवतात. टोळीचा एक साथीदार मागून येऊन अवशेषांतला माल उचलतो आणि पसार होतो. चहाचा कप घेऊन परतलेल्या माणसाला पडद्यावर फक्त आपली जीवकुपी तरंगताना दिसते.

यात खेळाचा एकही नियम मोडलेला नाही. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळखेळ आइसलँडमधल्या सीसीपी कंपनीने ६ मे २००३ रोजी सुरू केला. चीनपुरता वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू तिथे एकाच विश्वात वावरतात. सात हजारांहून अधिक तारामंडळांना सुरक्षिततेचे आकडे दिलेले आहेत. १.० पासून ०.५ पर्यंत पोलिसांचा अंमल, त्याखाली ज्याच्या हाती बळ त्याचं राज्य. पण ‘कॉन्कॉर्ड’ नावाचे हे पोलिस हल्ला रोखत नाहीत, हल्ल्यानंतर शिक्षा करतात. लुटल्या गेलेल्या माणसाने तक्रार केली की मुरलेले खेळाडू त्याला सांगतात, गोदी सोडलीस तेव्हाच तू लढाईला संमती दिलीस.

हे सांगणं वरवर साधं दिसतं, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. जोखीम पत्करणं वेगळं आणि संमती देणं वेगळं. रस्त्यावर पाऊल टाकणारा अपघाताची जोखीम पत्करतो, म्हणून मुद्दाम धडक देणाऱ्याला त्याची परवानगी मिळत नाही. आपल्याकडे गल्लीतल्या पोरांनाही हा फरक कळतो. पळापळीच्या डावात धाकटं भावंड ‘लिंबूटिंबू’ असतं. ते डावात आहे, धावतं आहे, हसतं आहे, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ‘टाइम प्लीज’ म्हणून बुटाची नाडी बांधणाऱ्याला कोणी बाद करत नाही. एकाच अंगणात कुणाला किती खेळायचंय याची वेगवेगळी मापं असू शकतात आणि ती पाळली तरी डाव मोडत नाही.

‘एलिट डेंजरस’ या खेळाने हीच मोकळीक यंत्रणेतच बांधून ठेवली. केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सने डिसेंबर २०१४ मध्ये आणलेल्या या खेळात आपली आकाशगंगा खऱ्या आकारमानाची आहे, सुमारे ४०० अब्ज तारामंडळांची. आत शिरताना दर वेळी तीन दारं समोर येतात. ‘ओपन’मधून गेलं तर कोणीही भेटू शकतं आणि कोणीही गोळी घालू शकतं. ‘प्रायव्हेट ग्रुप’मध्ये निवडक सोबती. ‘सोलो’मध्ये दुसरा माणूस दिसतच नाही. मात्र तिन्ही दारांमागे आकाशगंगा एकच. एखाद्या सोलो व्यापाऱ्याने कुठल्या स्थानकाला माल पुरवला, तर तिथल्या गटाचं पारडं ओपनमध्येही जड होतं.

वादाचं मूळ इथेच आहे. ओपनवाल्यांचा राग असा की ही माणसं समोर न येता आमचा गड पोखरतात. आम्ही नाकेबंदी करायची आणि यांनी दुसऱ्या दारातून माल आत न्यायचा. हा रडीचा डाव आहे, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. जिथे सत्तेची चुरस आहे, तिथे प्रतिस्पर्ध्याला आपल्यापर्यंत पोहोचताच येऊ नये, ही सोय न्यायाच्या कसोटीवर लंगडी पडते. डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदवलंय. खेळात लबाडी करणाऱ्यापेक्षा खेळच मोडणाऱ्याचा लोकांना जास्त राग येतो, कारण लबाड निदान नियम मानल्याचं दाखवतो. सोलो खेळाडूवर पडणारा शिक्का नेमका हाच, खेळ मोडणारा.

पण खेळातून अंग काढून घेणं आणि खेळ मोडणं यांत फरक आहे, आणि तो महाभारताने फार पूर्वी दाखवलाय. युद्धाच्या आरंभी भीष्मपर्वात दोन्ही पक्ष नियम ठरवतात. रथीने रथीशीच लढावं, बेसावध माणसावर आणि शस्त्र टाकलेल्यावर वार करू नये, सारथ्याला, ओझी वाहणाऱ्यांना, ढोल आणि शंख वाजवणाऱ्यांना मारू नये. संमतीच्या सीमा आखण्याचाच तो प्रयत्न होता. रणभूमीवर उभे असलेले सगळेच काही लढाईत नव्हते, हे त्यात मान्य केलेलं होतं. अठरा दिवसांत त्या नियमांचं काय झालं ते आपण जाणतोच. त्यातही सर्वांत अंगावर येतो तो अश्वत्थाम्याचा रात्रीचा हल्ला, झोपलेल्यांवरचा. दुसरीकडे बलराम. दोन्हीकडे आपलीच माणसं आहेत म्हणून तो लढायचं नाकारतो आणि सरस्वतीच्या काठाने तीर्थयात्रेला निघून जातो. त्याला भित्रा म्हणायची कुणाची छाती नाही. आणि शेवटच्या गदायुद्धात भीमाने मांडीवर घाव घातला, तेव्हा हा अधर्म आहे असं संतापून म्हणायचा अधिकार त्या यात्रेहून परतलेल्यालाच उरलेला असतो.

आता समोरच्या बाजूकडे वळायला हवं, कारण हल्ला करणारे सगळे एकाच माळेचे मणी नव्हेत. इथे जैन विचारातली एक जुनी विभागणी फार उपयोगी पडते. गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे चार प्रकार तिथे सांगितलेत. घरकामात नकळत घडणारी ती आरंभी, पोटापाण्याच्या व्यवसायात घडणारी ती उद्योगी, स्वतःच्या किंवा आश्रितांच्या रक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी, आणि मारायच्याच हेतूने केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन शक्य तितक्या कमी कराव्यात. चौथी गृहस्थानेही पूर्णपणे सोडावी. तराजू लागतो तो हेतूला.

हा तराजू ‘ईव्ह’ला लावून पाहावा. जानेवारी २०१४ मध्ये ‘बी-आर५आरबी’ या तारामंडळात एका हप्त्याचा भरणा चुकला, मालकी सुटली आणि त्यावरून सुमारे २१ तासांची लढाई पेटली. ७,५०० हून अधिक खेळाडू तीत उतरले आणि ‘टायटन’ जातीची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली. पण दोन्हीकडचे लोक बोलावणं आलं म्हणून आपल्या पायांनी तिथे गेले होते. ती विरोधी हिंसा, तीही खुल्या मैदानातली. मालासाठी जहाज अडवणारा चाचा उद्योगी. पण त्याच खेळात ‘अश्रू गोळा करणं’ असाही एक छंद आहे. नवख्याचं जहाज फोडायचं, ते लुटीसाठी नव्हे. त्याने चिडून, कळवळून चॅटमध्ये काहीतरी लिहावं आणि ते मित्रांना दाखवता यावं यासाठी. तिथे निशाण्यावर जहाज नसतं, माणूस असतो. तोफेचा खटका तोच, खेळाचा नियम तोच, पण कृत्य दुसरंच झालेलं असतं.

हेतूला धर्माची वस्त्रं चढवण्याचाही प्रयत्न झालाय. २०१२ मध्ये ‘जेम्स ३१५’ या नावाच्या खेळाडूने सुरक्षित भागातल्या खाणवाल्यांसाठी एक संहिता जाहीर केली. वर्षाला एक कोटी ‘इस्क’, म्हणजे खेळातलं चलन, देऊन परवाना घ्यायचा, यंत्र चालू ठेवून उठून जायचं नाही, संहितेचा मान राखायचा. नाहीतर जहाज फुटेल. तो स्वतःला सुरक्षित अवकाशाचा तारणहार म्हणवत असे आणि त्याला अनुयायीही मिळाले. कित्येकांना तो उत्तम अभिनय वाटला, आणि नाटक म्हणून त्यात कसब होतंच. तरी प्रश्न उरतो. ज्याने संहिता वाचलेली नाही, त्याला ती मोडल्याबद्दल शिक्षा देणारा धर्म हा कोणता?

कोणी म्हणेल, मरत तर कोणीच नाही, एवढं काय त्याचं? खरंच कोणी मरत नाही. जातो तो वेळ. ‘एलिट’मध्ये आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकाला ‘बीगल पॉइंट’ म्हणून ठिकाण आहे, सूर्यापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षं. तिथवर जाऊन यायला लोकांना आठवडे, कधी महिने लागतात. वाटेत शोधलेल्या ताऱ्यांची माहिती स्थानकावर विकेपर्यंत जहाजातच असते, आणि जहाज फुटलं की तीही जाते. जहाज किमतीच्या ५ टक्के भरून परत मिळतं. त्या संध्याकाळी परत मिळत नाहीत. प्रवाशाने कामावरून आल्यावर मिळालेले दोन-दोन तास त्यात ओतलेले असतात. ओपनमध्ये अगदी घराच्या उंबऱ्यावर अशा प्रवाशाला टिपणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नाही.

एवढं म्हणूनही धोका काढून टाकावा, असं म्हणवत नाही. मार्च २०१९ मध्ये ‘कातिया साए’ नावाच्या पात्राने ‘ईव्ह’मधल्या प्रत्येक पोहोचण्याजोग्या तारामंडळाला भेट दिली. त्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ लागला आणि या सगळ्या वाटचालीत एकही जहाज गमावलं नाही. सीसीपीने या कामगिरीसाठी खेळाच्या विश्वात तिचा पुतळा उभारला. ज्या जगात कोणी मारणारच नाही, तिथे न मरता फिरून येण्याला पुतळा मिळाला नसता. तिचा एकांत झळाळतो तो भोवतालच्या शिकाऱ्यांमुळे. पण तिथे ती स्वतः निघाली होती, किंमत माहीत असताना, आणि रोज नव्याने. संमती म्हणायची तर याला. ती वर्षानुवर्षं ताजी ठेवावी लागते. एकदा गोदी सोडली की कायमची सही झाली, असं होत नाही.

सोलो खेळणाऱ्याला माणसं नकोच असतात, ही समजूतही तपासून पाहावी. ‘एलिट’मध्ये ‘फ्युएल रॅट्स’ नावाचं एक पथक आहे. इंधन संपून अडकलेल्या अनोळखी खेळाडूंना इंधन नेऊन द्यायचं, एवढंच त्यांचं काम, आणि तेही फुकट. इंधन संपलं की जहाजाची जीवरक्षक यंत्रणा बंद पडते आणि प्राणवायूचा घड्याळी काटा उलटा फिरू लागतो. साध्या यंत्रणेत ५ मिनिटं, उत्तम यंत्रणेत २५. म्हणून पथक आधी एवढंच विचारतं, की प्राणवायूची उलटी मोजणी सुरू झाली आहे का? झाली असेल तर लगेच मुख्य मेनूवर ये, आम्ही वाटेत आहोत. मग ते निघतात, कधी शेजारच्या तारामंडळांतून, कधी शेकडो, कधी हजारो प्रकाशवर्षांवरून.

यात एकच अडचण असते. सोलोच्या दारामागे त्यांना पोहोचता येत नाही. अडकलेल्याने कधीच उघडलेलं नसेल असं एक दार त्याला आता उघडावं लागतं. बहुतेकदा ते ओपन असतं, जिथे कोणीही येऊ शकतं. तो आत येतो. पडद्यावर दिव्यांची उघडझाप करणारं एक परकं जहाज जवळ सरकतं, तोफा मिटलेल्या, आणि त्याच्या पोटातून एक इवलासा ड्रोन सुटतो, एक टन इंधन घेऊन.