आजचं चिंतन : गीता १७.१८



आजच्या श्लोकात राजस तप आहे. सत्कार, मान, पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेलं. भगवंत म्हणतात, ते टिकत नाही.

परवा २००१ च्या टूर द फ्रान्सचं रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. आधीच्या घाटांत लान्स आर्मस्ट्राँग दमल्याचं नाटक करतो. मग आल्प द्युएझच्या चढावर मागे वळून यान उलरिखकडे बघतो आणि सुसाट सुटतो. तेव्हा ही हुशारी वाटायची. २०१२ मध्ये डोपिंगमुळे त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली. ती कुणालाच दिली नाहीत, जागा रिकामीच आहे. आता ते नाटक बघवत नाही. पण घाम खरा होता ना! म्हणून तर भगवंत त्यालाही तपच म्हणतात (मला हे फार आवडतं).

आदल्या श्लोकात सात्त्विक तप येतं, फळाची आस नसलेलं. १९९९ च्या टूरमध्ये क्रिस्तोफ बासाँ डोपिंगविरुद्ध उघड बोलत होता. आल्प द्युएझच्याच टप्प्यात आर्मस्ट्राँगने त्याला सुनावलं, निघून जा. एकटा पडलेल्या बासाँने शर्यत अर्ध्यात सोडली. ते रेकॉर्डिंग मिळालं तर बघा. त्यात बासाँला शोधा.