तुकडा तपासायला पाठवला का?

पापणीवर रांजणवाडी आली की आजी तळहातावर बोट घासायची आणि ते गरम बोट अलगद पापणीला टेकवायची. चार-आठ दिवसांत रांजणवाडी फुटायची, नाहीतर जिरायची. तिची धास्ती कुणी घेत नाही, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

पण साठी उलटलेल्या बाईच्या पापणीवर न दुखणारी गाठ येते, काढली तरी त्याच जागी पुन्हा उगवते, तिथले केस झडतात, तेव्हा सावध व्हावं. पापणीच्या कडेला तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्यानं 1666 मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्या ग्रंथींचा कर्करोग रांजणवाडीचं सोंग घेतो. युरोप-अमेरिकेत तो विरळा. आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा बराच मोठा आहे.

सोंग उतरतं ते काचपट्टीवर. फॉर्मालिनच्या बाटलीतून आलेला तांदळाएवढा तुकडा मेणात बसवतात, केसाहून कितीतरी पातळ काप काढतात, जांभळा-गुलाबी रंग देतात. पेशी फेसाळ दिसतात. त्यांच्यात मुळात चरबी भरलेली असते. पण तयारीतल्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ती विरघळते आणि नुसत्या पोकळ्या उरतात. जे निघून गेलं, त्याच्या रिकाम्या जागेवरून रोग ओळखायचा! या विद्येपुढे मी मनापासून हात जोडतो. चरबीच रंगवून पाहायची, तर तुकडा अल्कोहोलमध्ये जाण्याआधीच वेगळा ठेवावा लागतो. म्हणून ‘गाठ पुन्हा आली आहे’ हे तीन-चार शब्द सोबतच्या कागदावर हवेतच.

आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर गावं ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे म्हातारी नातवंडं सांभाळत राहते. तिची पापणी कोण पाहणार? तिला दवाखान्यात कोण नेणार? हा रोग मात्र हंगाम संपून पट्टा पडायची वाट पाहत नाही. कानापुढच्या आणि मानेतल्या गाठींपर्यंत पोचतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय खेड्यापाड्यांतल्या माणसांसाठीच काढलेलं आहे. तिथवर तिला वेळेत न्या.

आणि गाठ कुठेही काढा, डॉक्टरांना एवढं विचाराच: तुकडा तपासायला पाठवला का? पाठवला असेल, तर त्याचा रिपोर्ट आणायला विसरू नका.