उशिरा आलेले रडू

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी ब्रीच कँडी रुग्णालयात लता मंगेशकर गेल्या आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. आई दिवसभर टीव्हीसमोरून उठली नाही. चितेला अग्नी दिला तेव्हा ती हमसून हमसून रडली. दहा महिन्यांपूर्वी, एप्रिल २०२१मध्ये, माझे वडील कोविडने गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती.

तेव्हा रडायला जागाच नव्हती. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि कोविडच्या मृतदेहाजवळ घरच्यांनाही जाऊ देत नव्हते. तिला बाबांचे तोंड पाहायला मिळाले नाही. तिरडी बांधली नाही, कुणी खांदा दिला नाही. दहाव्याला घाटावर जाता आले नाही, म्हणून गच्चीवरच दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मयताच्या घरी शेजारी पिठले-भात आणून देतात, जेवेपर्यंत समोर बसून राहतात. आमच्याकडेही डबे आले; पण माणसे ते दारात ठेवून मागे सरत होती.

म्हणून नामवंतांसाठी रडणाऱ्यांना कुणी ढोंगी म्हटले की मला ते पटत नाही. ‘ओळख ना पाळख, आणि डोळ्यांत पाणी कसले?’ असे विचारले जाते. पण ओळख नव्हती हे तरी कुठे खरे आहे? लतादीदींचा आवाज स्वयंपाकघरातल्या रेडिओवर होता, लग्नाच्या मांडवात होता, आजारपणात उशाशी होता. त्याच्याबरोबर आपली माणसे आपल्यात राहिली होती. आईच्या त्या रडण्यात लतादीदी किती आणि बाबा किती, याची वाटणी तिलाही करता आली नसती. साथीच्या दोन वर्षांत कितीतरी घरांनी आपली माणसे न पाहता निरोप दिला. त्या संध्याकाळी त्यांना फुलांनी झाकलेले एक पार्थिव दिसले, मंत्र ऐकू आले, रांगेने नमस्कार करणारे लोक दिसले. अडलेले रडू तिथे वाहिले. ते खोटे नव्हते, उशिरा आलेले होते.

आणि त्या आवाजाच्या तळाशीही घरातलाच एक मृत्यू होता. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात लतादीदींचे वडील मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा पाच भावंडांतली थोरली लता बारा वर्षांची होती. घर चालवायचे म्हणून ती सिनेमात कामे करू लागली. पुढे मंगेशकर कुटुंबाने दीनानाथांची पुण्यतिथी वर्षानुवर्षे जाहीर कार्यक्रमाने पाळली. दुःखाला एक तारीख लागते, चार माणसे लागतात, हाताला काही काम लागते, हे त्या घराला ठाऊक असावे.

सार्वजनिक शोकात यातले पुष्कळ मिळते, आणि म्हणूनच त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. लतादीदींसाठी दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. दोन दिवस झेंडे अर्ध्यावर उतरले आणि मग पुन्हा वर गेले. घरातल्या मृत्यूला असा हुकूम लागू होत नाही. तो रेशनकार्डातून नाव कमी करताना येतो, वीजबिलावरचे नाव बदलताना येतो. बाबांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले आणि त्या नोव्हेंबरात ती पहिल्यांदा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेली. आपण जिवंत आहोत असे तिने सही करून सांगितले. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, “आता दर वर्षी जायचं.” त्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला, आणि आम्ही लगेच दुसरे काहीतरी बोलू लागलो.

मोठ्या माणसाच्या मृत्यूत आपण गर्दीचा भाग असतो. शब्द तयार मिळतात, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक चौकात कुणीतरी लावलेला असतो. हयातीच्या दाखल्यापुढे मात्र माणूस एकटा असतो, आणि तिथे त्याच्यासोबत जायला आपण कचरतो. गर्दीत रडता येते. पण ज्याचे माणूस गेले त्याच्यापाशी बसून त्या माणसाबद्दल बोलणे आपल्याला जड जाते. सार्वजनिक शोकाने आपल्याला या बोलण्यापर्यंत आणून सोडावे, एवढीच माझी त्याच्याकडून अपेक्षा आहे. त्याआधीच तो संपला, तर डोळे पुसून आपण होतो तिथेच राहतो.

त्या रविवारी रात्री टीव्ही बंद झाल्यावर मी आईशेजारी बसलो. दहा महिन्यांत विचारले नव्हते ते विचारले: तुला बाबांबद्दल काही माहीत करून घ्यायचे राहिले आहे का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांच्या अंगात कोणता शर्ट होता?” त्या दिवशी ती दुसऱ्या खोलीत विलगीकरणात होती, बाबांचे कपडे मीच बदलले होते. निळ्या चौकड्यांचा, मी सांगितले. पुण्याला घेतलेला.

“तो होय,” ती म्हणाली, आणि त्या शर्टाबद्दल बोलू लागली.