न झालेलं नुकसान

मोतीबिंदू काढून आलेल्या माणसाचं आठवडाभर घरात कौतुक असतं. काळा चष्मा लावून बाबा सोफ्यावर बसतात आणि भिंत पिवळट नाही, चांगली पांढरी आहे, असं जाहीर करतात. दुसऱ्या दिवशी त्यांना पंख्यावरची जळमटं दिसतात, तिसऱ्या दिवशी आरशात स्वतःच्या सुरकुत्या. जळमटांचा शोध सुनेला फारसा रुचत नाही, पण एकंदरीत सगळे खूश असतात. डॉक्टर देवमाणूस ठरतात.

त्याच टेबलावर, त्याच बारीक छेदातून काही जणांच्या डोळ्यात आणखी एक काम उरकलेलं असतं. त्याचे पेढे कोणी वाटत नाही.

डोळ्याच्या पुढच्या भागात मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या जाळीतून श्लेमच्या नलिकेत उतरून निघून जातं. जाळीतला हा निचरा मंदावला की दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू सुकत जाते. हा काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं मात्र बराच काळ स्वच्छ दिसत राहतं. गेलेली नजर कुठल्याच उपायाने परत येत नाही. म्हणून रोज थेंब, आणि तेही जन्मभर. मान मागे टाकायची, थरथरत्या हाताने बाटली धरायची. एक थेंब पापणीवर, दुसरा गालावर, तिसरा कुठे तरी डोळ्यात. टाकून डोळा चुरचुरतो, न टाकून काहीच होत नाही. मग दिवस चुकायला लागतात, यात नवल नाही.

अशांच्या डोळ्यात मोतीबिंदू काढतानाच एक बारकी नळी, म्हणजे स्टेंट, बसवता येते. अमेरिकेत 2012 साली मंजूर झालेला पहिला आयस्टेंट टायटॅनियमचा होता, लांबी 1 मिलिमीटर. पुढची आवृत्ती, आयस्टेंट इंजेक्ट, 0.36 मिलिमीटरची, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. ती एका वेळी दोन बसवतात. भिंग बसवून झालं की रुग्णाची मान थोडी वळवायची, मायक्रोस्कोप तिरका करायचा आणि बुबुळावर खास लोलक ठेवायचा, कारण ती जाळी सरळ समोरून दिसतच नाही. मग नळी जाळीत रोवायची. जागा बरोबर साधली तर नलिकेतून रक्ताची बारीकशी रेघ उलटी येते. एरवी शस्त्रक्रियेत रक्त दिसलं की कपाळाला आठी पडते. इथे सर्जनला हायसं वाटतं.

आता हिशेब. आयस्टेंट इंजेक्टच्या मुख्य चाचणीत दोन वर्षांनी, थेंब बंद ठेवून मोजलेला दाब 20 टक्के किंवा त्याहून जास्त उतरलेले डोळे 75.8 टक्के होते. ज्यांचा नुसता मोतीबिंदू काढला होता, त्यांच्यातही हे प्रमाण 61.9 टक्के होतं. म्हणजे दाब उतरवण्याचं बरंचसं श्रेय मोतीबिंदू काढण्यालाच जातं आणि नळीची भर त्यावरची. मला हा आकडा आवडतो, कारण तो फुगवलेला नाही. सौम्य किंवा मध्यम काचबिंदूत, तोही जाळीजवळचा कोन उघडा असेल तर, एखादी बाटली कमी होणं ही लहान गोष्ट नाही. नस फार सुकली असेल तर मात्र जुनी मोठी शस्त्रक्रियाच लागते.

लहान आहे म्हणून निर्धोक, असंही नाही. सायपास नावाचा दुसरा एक स्टेंट 2016 साली मंजूर झाला. दोन वर्षांचे निकाल चांगले होते. पाच वर्षांचे आले तेव्हा बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या पेशी जास्त घटलेल्या आढळल्या आणि 2018 मध्ये कंपनीने तो बाजारातून काढून घेतला. ज्या रोगाची चाल वर्षानुवर्षांची, त्याचा उपायही तितकाच काळ तपासावा लागतो.

बाबांना यातलं काहीच जाणवणार नाही. नळी खुपत नाही, दिसत नाही, आणि तिच्यामुळे वाचलेली नजर मुळात गेलेलीच नसते. तेव्हा आभार तरी कशाचे मानणार? मोतीबिंदूची तारीख घेताना आपण भिंग देशी की परदेशी, पॅकेज कितीचं, यावर अर्धा तास घालवतो. डोळ्याचा दाब किती आहे आणि नस कशी आहे, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावं. या नळ्या मुख्यतः मोतीबिंदूसोबत बसवण्यासाठीच आहेत आणि ती संधी एका डोळ्याला एकदाच येते. काचबिंदू निघालाच तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावं, कारण तो घराण्यात चालत येतो. आणि नळी बसली म्हणून थेंबांची बाटली डॉक्टर सांगेपर्यंत फेकू नये.