नकाशा कोणता?

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. अशाच काही रुग्णांच्या तपासणीचे निकाल नागपूरच्या एका प्रयोगशाळेत एक शोधछात्र पाहत बसला होता. समोर यूसीएससी जीनोम ब्राउझर, त्यात अकरावं गुणसूत्र. या ब्राउझरमध्ये गुणसूत्राच्या आडव्या रेषेखाली माहितीचे पट्टे एकाखाली एक लागतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. जनुकांचा एक, ज्ञात बदलांचा दुसरा, इतर प्राण्यांशी तुलनेचा तिसरा. पठ्ठ्याने दिसेल तो ट्रॅक उघडला होता, तोही पूर्ण विस्तारून. सगळ्यांच्या वर त्याचा स्वतःचा ट्रॅक होता. त्याची फाइल प्रयोगशाळेतल्या जुन्या हार्डडिस्कवर सापडलेली, नाव नुसतंच ‘फायनल’.

त्या ट्रॅकवर प्रत्येक रुग्णाची खूण एकाच जागी पडली होती: ५२,४८,२३२. म्हणजे एचबीजी१ या जनुकाला अगदी खेटून. गर्भातल्या हिमोग्लोबिनसाठी लागणारं हे जनुक. असं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकलं, तर सिकलसेलचा त्रास सौम्य होतो. त्याच्याच शेजारी नवा बदल! तो धावतच मॅडमकडे गेला.

मॅडमनी आधी ‘हाइड ऑल’ दाबून पडदा रिकामा केला. मग तीनच ट्रॅक लावले: जनुकांचा, ज्ञात बदलांचा आणि त्याचा.

“हे सगळे सिकलसेलचेच रुग्ण ना?”

“हो, मॅडम.”

“मग सिकलसेलची खूण कुठंय?”

त्याने शोधचौकटीत आरएस३३४ टाकलं. सिकलसेलला कारण होणाऱ्या बदलाचा हा क्रमांक. ब्राउझर एचबीबी जनुकात ५२,२७,००२ वर जाऊन थांबला. ज्ञात बदलांच्या ट्रॅकवर खूण होती. त्याच्या ट्रॅकवर मात्र त्या जागी शुकशुकाट.

“वजाबाकी कर,” मॅडम म्हणाल्या.

“२१,२३०.”

“तुझी फाइल मानवी जीनोमच्या २००९च्या एचजी१९ नकाशावरची आहे आणि तू ती २०१३च्या एचजी३८वर चढवलीस. नव्या आवृत्तीत गुणसूत्राच्या आधीच्या भागात दुरुस्त्या झाल्या, म्हणून इथले आकडे सरकले. बदल तोच आहे, पत्ता तेवढा जुना.”

“मग ब्राउझरने अडवलं कसं नाही?”

“त्याला काय कळणार? फाइलीत गुणसूत्र, सुरुवात आणि शेवट एवढंच लिहिलंय. अकरावं गुणसूत्र दोन्ही नकाशांत असतंच की!”

लिफ्टओव्हर या साधनाने त्याने आकडे नव्या नकाशावर आणले. सगळ्या खुणा मुकाट एचबीबीत, आरएस३३४च्या बरोबर खाली येऊन बसल्या. नवा शोध गेला. त्याने ट्रॅकचं नाव बदललं आणि वर्णनात नमुने कुठले, नकाशा कोणता, तारीख काय, हे सगळं लिहिलं. पुढच्या माणसाला तो ट्रॅक कुणालाही न विचारता वापरता आला.

तात्पर्य : आकडा अचूक असूनही तो कोणत्या नकाशावरचा हे लिहिलेलं नसेल, तर तो दिशाभूलच करतो. आणि नवलाची गोष्ट दिसली, की हरखून जाण्याआधी ठाऊक असलेली गोष्ट आपल्या जागी आहे ना, ते पाहावं.