उपयोगापलीकडील दया

रायपूरहून दुर्गमार्गे बालोदकडे निघाले असता बालोद शहराच्या जवळच खपरी नावाचे एक लहानसे गाव लागते. तेथे कुकुरदेवाचे मंदिर आहे. वास्तू नागवंशी राजांच्या काळातील, चौदाव्या-पंधराव्या शतकातील मानली जाते. गर्भगृहात शिवलिंग आहे, आणि त्याच्या शेजारी एका कुत्र्याची मूर्ती पूजेत आहे. प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांसही श्वानच बसविलेले आहेत. ज्या प्राण्याला घराचा उंबरठा ओलांडू देण्यास पुष्कळ गृहस्थ कचरतात, तो येथे महादेवाच्या सान्निध्यात बसून गंधफूल घेतो, हे पाहून नवख्या यात्रेकरूस आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

या स्थानाची जी दंतकथा त्या भागात सर्वतोमुखी आहे, ती अशी. एकदा मोठा दुष्काळ पडला. एका बंजाऱ्याला सावकाराचे देणे फेडता येईना, तेव्हा त्याने आपला इमानी कुत्राच त्याच्याकडे गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी ऐवज कोठे दडविला ते कुत्र्याने पाहिले होते. त्याने सावकाराला त्या जागी नेले व सर्व माल जसाचा तसा परत मिळाला. सावकार संतुष्ट झाला. कर्ज फिटले आणि कुत्रा मुक्त झाला, असा मजकूर एका चिठ्ठीवर लिहून ती त्याने कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मूळ धन्याकडे पाठवून दिले. बंजाऱ्याने कुत्रा धावत येताना पाहिला आणि त्याची समजूत झाली की, हा गहाणातून पळून आला, याने आपला शब्द खोटा पाडला. रागाच्या भरात त्याने त्या जनावराला ठार केले. चिठ्ठी दिसली ती नंतर. मग शोक, पश्चात्ताप आणि हे स्मारक.

कुत्रा किती इमानी असतो, एवढाच या कथेचा अर्थ सामान्यतः सांगण्यात येतो. तो खरा असला तरी अपुरा आहे. त्या कुत्र्याइतका उपयोगी प्राणी शोधूनही सापडणार नाही. त्याने सावकाराची चोरी उघडकीस आणली, धन्याचे कर्ज फेडले, आणि या सर्वाचा लेखी पुरावा त्याच्या गळ्यातच होता. तरीही तो वाचला नाही. त्याचा उपयोग धन्याला ठाऊक होईपर्यंत त्याचे जीवित संपलेले होते. त्या क्षणी त्याचा जीव वाचवू शकली असती अशी एकच गोष्ट होती: उपयोग कळो वा न कळो, मुक्या जीवावर हात उगारण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची धन्याची वृत्ती.

हा विचार आज विशेष रीतीने करावा लागतो, याचे कारण असे की, अलीकडे कुत्र्या-मांजरांविषयी लोकांच्या मनात दया उत्पन्न करण्यासाठी जे लोकशिक्षण चालते, त्यात या प्राण्यांच्या उपयोगाचे वर्णन फार असते. त्यातील सर्वांत मनोवेधक उदाहरण रुग्णसेवेत साहाय्य करणाऱ्या श्वानांचे होय. ही गोष्ट कपोलकल्पित नाही. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्याला एखादा लहान पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० सालीच शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात नमूद केले होते. पुढे न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे उपचारासाठी एक अबोल मुलगा आला असता त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा योगायोगाने तेथे होता. वैद्याशी न बोलणारे ते मूल कुत्र्याशी रमले आणि कुत्र्याच्या द्वारे हळूहळू वैद्याशीही मोकळे झाले. लेव्हिन्सन यांनी हा अनुभव १९६१ साली आपल्या व्यवसायबंधूंच्या सभेत मांडला, तेव्हा त्यांची थट्टाही झाली. आज मात्र अनेक देशांत अशा शिकविलेल्या श्वानांना रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत आणि विशेष मुलांच्या शाळांत नेण्यात येते. आपल्याकडे मुंबईसारख्या शहरांतही हे कार्य चालते.

यात गूढ असे काही नाही. कुत्रा रोग्याला प्रश्न विचारीत नाही, त्याच्या व्यंगाकडे टक लावून पाहत नाही, उपदेश तर मुळीच करीत नाही. (रोग्याच्या समाचारास जाणाऱ्या आप्तेष्टांनी यातून काही उचलण्यासारखे आहे.) त्याच्या पाठीवरून हात फिरविताना माणसाचा श्वास संथ होतो, रक्तदाबही किंचित उतरतो. पण या कार्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. प्रत्येक कुत्रा यास योग्य नसतो. त्याचा स्वभाव शांत असावा लागतो, लसी टोचलेल्या असाव्या लागतात, आणि त्याला सांभाळणारा मनुष्य सतत त्याच्याकडे पाहत असावा लागतो. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान फिरवू लागला, तर तो थकला आहे असे समजून त्याला तेथून न्यावे लागते. अर्थात ज्याच्यापासून माणूस शांती घेतो, त्याच्या शांतीची काळजी माणसालाच वाहावी लागते. जेथे ती वाहिली जात नाही, तेथे तो कुत्रा पुन्हा गहाणच पडला, असे समजावे.

आता मूळ प्रश्न. कुत्रा रोग्यास बरे वाटावयास साहाय्य करतो म्हणून त्याच्यावर दया करा, असे शिकविणे योग्य आहे काय? आरंभ म्हणून त्यास हरकत नाही. ज्या मुलाला कुत्र्याची केवळ भीतीच वाटत आली, त्याला एका शांत कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवावयास मिळाला, तर त्याची निम्मी क्रूरता तेथेच गळून पडते, कारण मुलांची क्रूरता बहुधा भीतीतूनच उपजते. पण उपयोगावर उभारलेली दया लांबचा प्रवास करीत नाही. नाक्यावर बसलेला लूत भरलेला कुत्रा कोणाचे दुःख हलके करणार? तीन पायांची मांजर कोणत्या रुग्णालयात जाणार? उपयोगाच्या तराजूत ही सर्व हलकीच ठरतात आणि दयेची जेथे सर्वाधिक गरज, तेथेच ती आटते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलेले दान राजस होय. सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना भगवंत असे म्हणतात की, ते अनुपकारी जनाला, म्हणजे ज्याच्याकडून उलट काही मिळावयाचे नाही अशाला, द्यावयाचे असते. या कसोटीवर पाहता लूत भरलेला कुत्रा दानास अधिक योग्य ठरतो. मात्र त्याच श्लोकात देश, काल आणि पात्र यांचीही अट घातलेली आहे, आणि आपण तिच्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष करतो. शनिवारी ग्रहपीडेच्या शांतीसाठी चौकात तेल लावलेल्या पोळ्या फेकून घाईने निघून जाणाऱ्या गृहस्थाची दृष्टी कुत्र्याकडे नसतेच, ती आपल्या कुंडलीकडे असते. फेकलेल्या अन्नाभोवती दहा कुत्री भांडतात, वाटेने जाणारे मूल त्यात सापडते आणि पुण्य करणारा तोवर घरी पोहोचलेला असतो.

गीतेच्या पाचव्या अध्यायातील समदर्शनाचा श्लोक तर सर्वश्रुत आहे. विद्याविनयसंपन्न ब्राह्मणाबरोबर तेथे गाय, हत्ती आणि कुत्रा यांचीही गणना केलेली आहे, आणि हे सर्व शब्द सप्तमी विभक्तीत योजिलेले आहेत. या सर्वांच्या ठायी जे एकच तत्त्व आहे, ते पंडित पाहतो. दृष्टी सम आहे, वर्तन मात्र पात्रानुरूप भिन्न असावयाचे. हत्तीला अंगणात बांधता येत नाही म्हणून त्याच्या ठायी ब्रह्म नाही असे कोणी म्हणत नाही. त्याचप्रमाणे कुत्र्याच्या ठायी तेच चैतन्य आहे, यावरून त्याला बालकांच्या पंगतीत मोकळे सोडावे असे निष्पन्न होत नाही.

ही शंका केवळ तात्त्विक नाही. छत्तीसगडातीलच बलौदाबाजार जिल्ह्यातील एका शाळेत २०२५ साली मध्यान्ह भोजनाची भाजी कुत्र्याने उष्टावली असता तीच मुलांना वाढण्यात आली आणि पाऊणशेहून अधिक मुलांना रेबीजची लस टोचावी लागली. उच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतः होऊन दखल घेतली. आपल्या मुलाच्या ताटाची चिंता करणाऱ्या मातेस कोणी निर्दय म्हणू नये. रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो, आणि माणसास होणाऱ्या या रोगाचे कारण बहुतेक सर्व प्रसंगी कुत्र्याचा चावाच असते. परंतु त्यावरचा उपाय वध हा नव्हे. एका जागेची कुत्री मारली तर शेजारची, लस न टोचलेली कुत्री तेथे येऊन वसतात. वस्तीतील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असा जगभरचा अनुभव आहे. म्हणूनच २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत निर्बीजीकरण आणि लसीकरण यांचा मार्ग सांगितला आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये अशा कुत्र्यांना पूर्वीच्याच जागी सोडावे, पिसाळलेल्या व हल्लेखोर कुत्र्यांना सोडू नये, आणि खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा असावी, असे सांगितले. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतून त्यांना हलविण्याचा आदेश दिला. या आदेशांविषयी मतभेद पुष्कळ आहेत. तथापि ठराविक जागा, योग्य वेळ आणि योग्य प्राणी हा विचार गीतेच्या देश-काल-पात्राहून वेगळा नाही, एवढे दिसते.

महाभारताची रचनाही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. आदिपर्वाच्या आरंभीच जनमेजयाच्या यज्ञात सरमेचा पुत्र येतो. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला झोडपले. सरमेने येऊन विचारले की, माझ्या मुलाचा अपराध काय? त्या राजसभेत तिला उत्तर मिळाले नाही आणि तिचा शाप राजाला घाबरवून गेला. महाप्रस्थानाच्या पर्वात एक कुत्रा हिमालयापर्यंत युधिष्ठिराच्या मागून चालत येतो. स्वर्गात कुत्र्यांना स्थान नाही, असे इंद्र सांगतो. आश्रयाला आलेल्याचा त्याग करणे हे ब्रह्महत्येसारखे पातक होय, असे म्हणून युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हे नंतर कळते. कीर्तनांत या रहस्यस्फोटावर भर देतात, पण युधिष्ठिराचे मोठेपण त्याच्या आधीच सिद्ध झालेले आहे. त्याच्या दृष्टीने तो धर्म नव्हता, वैद्य नव्हता, राखणदारही नव्हता. तो केवळ मागून चालत आलेला एक कुत्रा होता. बंजारा आणि युधिष्ठिर या दोघांनाही समोरच्या श्वानाची खरी योग्यता ठाऊक नव्हती. फरक पडला तो न जाणता केलेल्या कृतीत.

मांजराच्या वाट्याला आपल्या वाङ्मयात फारसा गौरव आला नाही. ढोंगी मनुष्यास स्मृतिकारांनी बैडालव्रतिक म्हटले, आणि बिचाऱ्या मांजराची अपकीर्ती कायमची झाली. तरी बालकांची रक्षणकर्ती जी षष्ठीदेवी तिचे वाहन मांजरच मानले आहे, आणि मनुस्मृतीत मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा यांच्या वधालाही प्रायश्चित्त सांगितले आहे. मांजरीची पिले पोत्यात घालून दूरच्या बाजारात सोडून येणारे कित्येक सुशील गृहस्थ आढळतात. हातून रक्त सांडले नाही, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. मांजरीचे वेळीच निर्बीजीकरण करून घेतले असते तर ते पोते घरातून निघालेच नसते.

कायद्याने हे साधेल अशी आशा बाळगण्यात फारसा अर्थ नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्रयत्न केले, पंडित नेहरूंनी आश्वासन दिले आणि १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला, हे मोठेच कार्य होते. पण क्रूरतेच्या पहिल्या अपराधाला त्यात लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. लोकमान्यांच्या गीतारहस्याचे हिंदी भाषांतर ज्यांनी केले, ते माधवराव सप्रे रायपूरचेच रहिवासी होते. त्या ग्रंथात ज्या लोकसंग्रहाचे विस्ताराने विवेचन आहे, त्याचा आशय असा की, जाणत्याने नुसता उपदेश न करता स्वतः कर्म नीट करून इतरांकडून करवून घ्यावे. प्राण्यांविषयीचे लोकशिक्षणही शेवटी याच वाटेने जाते. घरातील मुलाला पुष्कळ गोष्टी नुसत्या पाहून कळतात: जेवणाऱ्या किंवा पिले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये, कुत्रा अंगावर आला तर पळू नये, स्थिर उभे राहावे, झोपलेल्याला दगड मारू नये. वडील कसे वागतात तेच ते करते.

श्वानदंशाचे भय जावे म्हणून आजही लोक खपरीला दर्शनास जातात. त्या श्रद्धेस कोणी बोल लावू नये, पण क्रम चुकता कामा नये. कुत्रा असो वा मांजर, चावा किंवा ओरखडा होताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्यावी. पोटात चौदा सुया टोचण्याचे दिवस गेले, आता दंडात चार-पाच मात्रा पुरतात. कुकुरदेवाच्या दर्शनास त्यानंतर जावे.

आणि रोजचे अन्न? वैश्वदेवाच्या बलिहरणात कुत्र्यांसाठी व कावळ्यांसाठी जो अन्नभाग काढावयाचा, तो कसा द्यावा हेही मनूने सांगितले आहे. तो भूमीवर हळूच ठेवावयाचा असतो.